चोवीस सेंटिमीटरची अट

६ मार्च २०२३, सोमवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. हवेचे तापमान तेवीस अंश, गाडीच्या मीटरवर एकोणीस किलोमीटर, पट्टी २१.० सेंटिमीटर.

माझ्या हस्ताक्षरातली ही पहिली नोंद. तापमान आणि किलोमीटर कशासाठी, हे कोणालाही कळेल. पट्टी कशासाठी, हे त्या सकाळी मलाही कळले नव्हते.

गाडी आदल्याच दिवशी घरी आली होती. पांढरी, चार दारांची, लांब डिकीची, दीडशे अश्वशक्तीची. टायरखाली चिरडलेल्या लिंबांचा वास अजून पोर्चमध्ये होता. सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते आणि होटगी रोडवरच्या त्यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला होते. त्यामुळे नव्या गाडीतून कामावर जाणारी पहिली प्रवासी मीच होते. हौसेने पाच मिनिटे आधी खाली आले. सरांनी दार उघडले नाही. त्यांनी उजवा हात बॉनेटच्या कडेवर टेकवला, अंगठा आणि तर्जनी यांत दोन बोटांचे अंतर ठेवले आणि डाव्या हाताने माझ्यासमोर शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी धरली.

"वरून धरा. शून्य माझ्या बोटांपाशी. आता सोडा."

"केव्हा?"

"ते सांगायचं नाही. मोजायचं नाही, खोकायचं नाही, माझ्याकडे बघून हसायचं नाही. मनात येईल तेव्हा सोडायची. मी पकडीन."

पट्टी जेवढी खाली घसरते, तेवढा डोळ्यापासून बोटापर्यंतचा उशीर. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेले असल्यामुळे तत्त्व मला लगेच उमगले. ते शेजाऱ्यांच्या देखत पोर्चमध्ये पाच वेळा का करायचे, हे उमगायला वहीचे पहिले पान वाचावे लागले. तिथे सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: "महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच वाचने. सरासरी सलग तीन महिने चोवीस सेंटिमीटरच्या वर गेल्यास चावी द्यायची. कारण विचारायचे नाही." खाली त्यांची सही, तारीख आणि 'निरीक्षक' या शब्दापुढे रिकामी ओळ. त्या ओळीवर मी सही केली. त्या दिवसापासून सरांनी मला नावाने हाक मारणे बंद केले. प्रयोगशाळेत, घरी, नवी पेठेच्या गर्दीतसुद्धा मी 'निरीक्षक' झाले.

"सर, एकवीस आणि चोवीस यांत असा कितीसा फरक?" मी वाटेत विचारले.

"ऐंशीच्या वेगाला बत्तीस सेंटिमीटर," ते म्हणाले. उत्तर त्यांनी आधीच काढून ठेवलेले होते. "म्हणजे शेळीचं डोकं आणि मान. उरलेली शेळी वाचून काय उपयोग?"

सर तेव्हा पासष्टचे होते. आधी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. नंतर ते सोडून त्यांनी सिमेंट, सळ्या आणि काँक्रीट तपासण्याची ही लहान प्रयोगशाळा काढली. बांधकामाच्या जागेवरून काँक्रीटचे ठोकळे येतात, प्रत्येक बाजू पंधरा सेंटिमीटरची, वजन आठ किलोच्या थोडे वर. ते दाबयंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे आणि कोणत्या भाराला फुटले ते लिहायचे. मी सोलापुरात एक वर्ष अनुभव घेऊन संशोधनाकडे वळणार होते. माझा आराखडा स्पष्ट होता, आणि त्यात दाबयंत्राला फार जागा नव्हती.

ठोकळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सरांनी गाडी निवडली तीही ठोकळ्यांनीच.

गाडी कशासाठी हवी, याचे त्यांचे उत्तर एका वाक्याचे होते: अव्वासाठी. अव्वा म्हणजे त्यांची आई, वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम मैंदर्गी. स्वतःच्या घराखेरीज कोणत्याही छताखाली तिला झोप येत नसे. त्यामुळे दर रविवारी सकाळी सर तिला सोलापुरात आणत, दिवसभर नातवंडांचे व्हिडिओ कॉल, जेवण आणि भांडण झाले की संध्याकाळी परत पोहोचवत. अक्कलकोटपर्यंत रस्ता रुंद आहे. त्याच्या पुढे मैंदर्गीकडे दुपदरी. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तिथे रांगेने चालतात. जुन्या गाडीने अशी एक जोडी ओलांडायला अकरा सेकंद लागत. एका रविवारी अकरातल्या दहाव्या सेकंदाला समोरून ट्रक आला. काही झाले नाही. सरांनी मात्र घरी येऊन तो दहावा सेकंद कागदावर मांडला आणि गाडी विकायला काढली.

"लोक ताकद कशासाठी घेतात? वेगासाठी," ते मला सांगत. "मला वेग नको. मला उलट्या बाजूला कमीत कमी वेळ राहायचंय. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत."

अख्खे शहर उंच गाड्यांच्या मागे लागलेले असताना ते बसक्या गाडीवर ठाम होते. अव्वाची उंची चार फूट आठ इंच. उंच गाडीत तिला चढावे लागे, या गाडीत ती नुसती बसे. शिवाय उंच गाडी वळणावर झुलते, आणि झुलणाऱ्या गाडीत अव्वा झोपत नाही. अव्वाची झोप हे त्यांच्या लेखी गाडीच्या गुणवत्तेचे अंतिम एकक होते. ती कितव्या किलोमीटरला झोपली, याचा वहीत वेगळा रकाना होता.

पाच गाड्या पाहिल्या. प्रत्येक चाचणीला रिकामी गाडी चालवून काय कळणार, म्हणून प्रयोगशाळेतून सोळा ठोकळे नेले. शोरूमच्या दारात टाय लावलेला एक उत्साही विक्रेता आम्हाला सामोरा आला, तेव्हा सर मागच्या सीटवर सोलापुरी चादर अंथरून त्यावर काँक्रीट रचत होते.

"सर, हे काय आहे?"

"ही आई," सर म्हणाले. पाच ठोकळे. "या मिसेस." आठ ठोकळे. "डिकीत तीन, ते सामान. आईंना बेल्ट लावा."

विक्रेत्याने बेल्ट लावला. माझ्या मते त्या माणसाला तिथेच बढती मिळायला हवी होती.

काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, हे घरी कळले तेव्हा त्यांचा आक्षेप काँक्रीटला नव्हता. "मी आठ नाही हं."

"बासष्ट किलो. साडेसात होतात. ठोकळा अर्धा होत नाही."

"मग सात धरा की! वर का जाताय?"

"सुरक्षिततेसाठी."

"माझ्या की गाडीच्या?" असे म्हणून काकू आत गेल्या. त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि शेवटचे वाक्य आपलेच असावे असा त्यांचा आग्रह असे.

विक्रेता बिचारा आपल्या परीने माल दाखवत होता. "सर, पिकअप लई भारी आहे."

"भारी म्हणजे किती?"

"म्हणजे… लई."

"एकक सांगा."

तो सनरूफकडे वळला. छताची काच सरकते, सूर्यप्रकाश आत येतो, घरच्यांना आवडते. सरांनी वर पाहिले, मग बाहेर होटगी रोडवरच्या उन्हाकडे पाहिले. "सोलापुरात ऊन आत घ्यायला जादा पैसे?"

चाळीसवरून ऐंशीला जायला लागणारा वेळ मी पुढच्या सीटवर बसून मोजला. ज्या गाडीने सोळा ठोकळ्यांसह चार पूर्णांक नऊ सेकंद घेतले आणि मैंदर्गीच्या वेशीवरच्या त्या कुप्रसिद्ध गतिरोधकाएवढ्या उंचवट्यावर पोट घासले नाही, ती घेतली. गिअर आपोआप बदलणारी घेतली, कारण "गिअर बदलणं हा माझा अहंकार, अव्वाला त्याचा काय उपयोग?"

दीडशे अश्वशक्तीची ही गाडी मग रोज प्रयोगशाळेत गेली आणि रोज संध्याकाळी काकूंची यादी घेऊन नवी पेठेत शिरली. तिथे तिचा सरासरी वेग ताशी सात किलोमीटर. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, डावीकडे परकराचे कापड निवडणाऱ्या बायका, उजवीकडे सराफाच्या पायरीवर बसलेले कुटुंब. दोन वर्षांत सरांनी तिथे एकदाही हॉर्न वाजवला नाही. मी एकदा वैतागून म्हटले, "सर, एवढी ताकद घेऊन आपण एका रिक्षाच्या मागे उभे आहोत."

"म्हणूनच तर शांत उभे आहोत," ते म्हणाले. "ज्याच्याकडे ताकद नसते तो हॉर्न वाजवतो."

या माणसाची अडचण एकच होती: दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत त्यांना बसता येत नसे. रिक्षात, बसमध्ये, जावयाच्या गाडीत, कुठेही बसले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राही. चेहरा शांत, बोलणे चालू, पाय मात्र खाली स्वतंत्र नोकरी करत असे. काकू म्हणत, "यांची चप्पल नेहमी उजवीच आधी झिजते." म्हणून ड्रायव्हर ठेवण्याचा प्रश्न नव्हता. एकदा सर तापाने आडवे असताना ठेवला होता. अव्वाने त्याला मैंदर्गीपासून "निधान, निधान" म्हणजे हळू, हळू, असे इतक्या वेळा सांगितले की त्याने वळसंगला गाडी बाजूला घेतली, चहा प्याला आणि फोन करून काकूंना विचारले, "मॅडम, म्हातारीला मी पुढं नेऊ की तिथंच ठेवू?"

सरांची आकड्यांविषयीची भूमिका काय होती, हे सांगायला पेढ्याची हकिकत पुरेशी आहे. एका बांधकामाचे ठोकळे हव्या त्या भाराच्या आधीच फुटले. दुसऱ्या दिवशी तिथला कंत्राटदार पेढ्यांचा डबा घेऊन आला. "सर, थोडं वर सरकवा की. दोनच आकड्यांचा प्रश्न आहे." सरांनी डबा घेतला, आभार मानले, एक पेढा उचलून दाबयंत्राच्या मधोमध ठेवला आणि मला म्हणाले, "निरीक्षक, भार द्या." पेढ्याचे जे व्हायचे ते झाले. सरांनी छापील अहवालपत्र काढून नमुन्याचे नाव 'पेढा' लिहिले, शेरा दिला, "भार सहन केला नाही", सही-शिक्का मारला आणि कंत्राटदाराच्या हातात ठेवले. उरलेले पेढे आम्ही त्यालाही दिले. त्याने खाल्ले. ठोकळे पुन्हा नवे आले.

माझे एक वर्ष असे संपले आणि दुसरे सुरू झाले. पट्टी मी दर महिन्याला सोडत होते. एकवीस, एकवीस पूर्णांक चार, बावीस. २०२४ च्या पावसाळ्यात तेवीसच्या आसपास. डॉक्टरांनी साखर, मान आणि वय अशी तीन कारणे दिली. सर म्हणाले, तिन्हींचा निर्देश एकाच दिशेला असेल तर वेगळे करण्यात वेळ घालवू नये. नोव्हेंबरमध्ये सरासरी २४.४ आली. सरांनी आकडा पाहिला, वही मिटली, गाडी काढली. डिसेंबरमध्ये २४.९. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या फाटकाशी ते म्हणाले, "एक महिना आहे."

त्याच आठवड्यात मी संशोधन संस्थेत अर्ज केला आणि सरांकडे शिफारसपत्र मागितले. मला वाटले होते, माझी हुशारी, जिद्द, नेतृत्वगुण असे काही येईल. पत्रात दोन वाक्ये होती. "अर्जदाराने माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षे आकडे घेतले. एकही बदललेला नाही." मी थोडी हिरमुसले. संस्थेला ते मी पोहोचते करायचे होते, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी, सर अव्वाला आणायला गेलेले असताना, काकू जिना चढून वर आल्या. हातात शेंगाचटणीची वाटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"उद्या पट्टी आहे ना गं?"

"हो."

"जरा बघ की."

"काय बघू, काकू?"

"आता ते मी तुला सांगू? तू शिकलेली." त्या खाटेवर बसल्या. "चावी गेली तर अव्वा येणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती बसत नाही, हे बसत नाहीत. ती तिकडं, हे इकडं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी… नव्वदीला आली बाई, किती रविवार राहिलेत तिचे? आणि हे घरात बसले की माझ्या भाकरीचा व्यास मोजतील." शेवटचे वाक्य त्यांनी हसून म्हटले. डोळे हसत नव्हते.

मी त्यांना काहीच कबूल केले नाही. पण रात्रभर विचार करण्याचीही गरज पडली नाही, कारण उपाय मला ठाऊक होता. सर पट्टीकडे पाहत असत, पण ऐकतही असत. सोडण्याच्या क्षणभर आधी मी श्वास ऐकू येईल असा आत घेतला, तर त्यांच्या बोटांना तेवढी सूचना पुरणार होती. एकही आकडा खोटा लिहायचा नव्हता. फक्त मोजण्याची वस्तूच थोडी बदलायची होती. स्वतःला फसवण्याचा हा सुशिक्षित प्रकार आहे, आणि मी तो अगदी व्यवस्थित आखला.

सोमवारी सकाळी थंडी होती. काकू तुळशीला पाणी घालण्याच्या निमित्ताने पोर्चमध्ये होत्या. मी पट्टी धरली. श्वास घेतला, सोडली. २०.५. पुन्हा २१.०. मग २०.८, २०.६, २१.१. सरासरी २०.८. काकूंच्या तांब्यातले पाणी तुळशीवर पडायचे थांबले.

सरांनी वहीतले आकडे पाहिले. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"निरीक्षक, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं यांत फरक किती?"

"शून्य पूर्णांक सहा."

"माझा हात इतका नेमका कधी होता?"

मी मागची पाने उलटली नाहीत. दोघांनाही ती पाठ होती. एकवीसच्या महिन्यातसुद्धा पाच वाचने साडेतीन सेंटिमीटरमध्ये पसरलेली असत.

"हात सुधारला असता तर सरासरी खाली आली असती," ते म्हणाले. "पसारा असा आटला नसता. माझा हात आहे तसाच आहे. तुमचा बोलायला लागलाय."

त्यांचा स्वर चढला असता तर मला बचाव करता आला असता. ते वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तसे बोलत होते.

"मी श्वास घेत होते," मी म्हणाले.

"मीच सांगितलं तिला," काकू म्हणाल्या.

"श्वास तुम्ही घेतलात का?"

"नाही, पण—"

"मग तुमचा आकडा नंतर बघू." त्यांनी हात पुन्हा बॉनेटवर टेकवला. मग माझ्याकडे पाहिले. "ठोकळ्याला वाईट वाटेल म्हणून आपण भार वाढवून लिहितो का?"

"नाही."

"मी ठोकळ्याहून नाजूक आहे, असं तुम्हाला वाटलं. त्याचा राग आलाय थोडा. जाईल तो. पुन्हा घ्या. तोंड तिकडे फिरवा."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. समोरून दूधवाला गेला, कोणीतरी स्कूटर चालू करत होते. मी श्वास रोखून, गेटवर बसलेला कावळा मान वळवेल तेव्हा सोडायचे असे ठरवून पट्टी सोडत गेले. २५.५. २७.०. २३.८. २६.२. २५.५. सरासरी मला काढायला सांगितली नाही. सरांनी तोंडीच काढली. "पंचवीस पूर्णांक सहा. लिहा." मी लिहिले. त्यांनी खिशातून चावी काढली. देण्याआधी ती अंगठ्याने एकदा पुसली, एवढेच. मी ती घेतली. त्यांनीच मला मागच्या वर्षी प्रयोगशाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या रचून, गाडी शिकवली होती.

"पत्रात दुरुस्ती करावी लागेल," ते म्हणाले.

तेव्हा तांब्या जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला. काकू पुढे आल्या. रागाने त्यांनी पदर खोचला होता. "काय एवढं कौतुक आहे त्या पट्टीचं, बघू दे तरी."

"तुम्ही कशाला?"

"माझा आकडा नंतर बघू म्हणालात ना? बघा आता."

सरांनी मला खूण केली. मी तोंड फिरवले, पट्टी सोडली. १८.०. पुन्हा १७.५. मग १९.०, १८.५, १८.०. मी सरासरी मोठ्याने वाचली: अठरा पूर्णांक दोन. माझी स्वतःची एकोणीसच्या वर होती. तीस वर्षे शाळा सुटल्यावर स्कूटरवरून नवी पेठ पार करणाऱ्या बाईच्या बोटांत काय साठलेले असते, हे आम्हा दोघा भौतिकशास्त्रज्ञांना कधी सुचले नव्हते.

सरांनी काकूंच्या हातातून पट्टी घेतली. मग म्हणाले, "अडतीस वर्षं हे यंत्र घरात होतं, आणि मी एकदाही मोजलं नाही."

"भाकरी मोजा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसरे पत्र दोन दिवसांनी माझ्या टेबलावर होते. "अर्जदाराने दोन वर्षांत एक आकडा बदलला. विचारल्यावर नाकारले नाही, आणि पुन्हा मोजला. पुन्हा मोजलेला आकडा तिला नको असलेला होता. तो तिने लिहिला." पहिले पत्रही त्यांनी शेजारी ठेवले होते. कोणते पाठवायचे, हे विचारले नाही. मी तासभर दोन्हींकडे पाहिले. दुसरे पाठवले. मुलाखतीत समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढेच विचारले, "तो आकडा कोणता होता?" मी पट्टी, श्वास, कावळा सगळे सांगितले. निवड झाली. त्यात पत्राचा वाटा किती, हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

पुढचे काही महिने रविवारी गाडी मी चालवली. अव्वा मागे ताठ बसून माझी मान पाहत असे. पहिल्या खेपेला ती मैंदर्गी ते सोलापूर एक क्षणही झोपली नाही, दुसऱ्या खेपेला वळसंगच्या पुढे पेंगली. सर माझ्या डावीकडे. चेहरा शांत, बोलणे चालू, आणि खाली उजवा पाय. पहिल्या रविवारी त्यांनी नसलेला ब्रेक त्रेचाळीस वेळा दाबला. वही त्यांच्याच मांडीवर होती. तो आकडाही त्यांनीच लिहिला. आठवड्याच्या मधल्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मागे काकूंना शिकवत असे. उन्हाळ्यात त्यांना चारचाकीचा परवाना मिळाला. परवान्यावरचा फोटो वाईट आला म्हणून त्या दोन दिवस रागावलेल्या होत्या. चाचणी पहिल्याच फेरीत पास झाल्याबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.

जुलैच्या शेवटच्या रविवारी माझे सामान बांधून झाले होते. त्या सकाळी मैंदर्गीला जाताना गाडी मीच नेली, आणि परतताना काकूंना चावी दिली. अव्वाच्या दारात सरांनी फेरीचा मीटर शून्यावर आणला. सर पुढे डावीकडे बसले. मी मागे, अव्वाशेजारी, मांडीवर वही.

"आज कोण चालवतंय गं?" अव्वाने विचारले. तिला समोरचे फारसे दिसत नसे.

"काकू."

अव्वाने थोडा विचार केला. "निधान," ती एकदाच म्हणाली आणि डोके मागे टेकवले.

चौथ्या किलोमीटरला पुढे खडीचा टिप्पर रेंगाळत चाललेला दिसला. काकूंनी आरशात पाहिले, समोरचा रस्ता रिकामा असल्याची खात्री केली आणि पाय दाबला. त्या दीडशे अश्वशक्ती पहिल्यांदाच कोणीतरी संकोच न करता मागून घेतल्या. गाडी बाहेर पडली, पुढे गेली, आपल्या बाजूला परत आली.

"किती?" सरांनी मागे न वळता विचारले.

"चार पूर्णांक चार." ओलांडण्यातला त्यांचा स्वतःचा विक्रम चार पूर्णांक आठ सेकंदांचा होता.

"बरं वाटतंय की वाईट?" काकूंनी विचारले.

"आकडा चांगला आहे," सर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं वाटतंय."

मी लिहिले: अव्वा झोपल्या, ९.४ किमी. हा वहीतला सर्वांत लहान आकडा होता. तो सरांना सांगावा म्हणून काही किलोमीटरांनी मी पुढे झुकले. दहाव्या किलोमीटरला त्यांच्या पायाने दोनदा हालचाल केली होती, अकराव्याला एकदा. त्यानंतर मी मोजत होते आणि मोजण्यासारखे काही घडत नव्हते. त्यांचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता, अंगठा आणि तर्जनी यांत दोन बोटांचे अंतर, जणू वरून पट्टी यायची आहे. डोळे मिटलेले होते. काकूंनी एकवार बाजूला पाहिले आणि पंख्याचा वेग एका टप्प्याने कमी केला.

मी सरांच्या नावाचा रकाना आखला. तो आधी वहीत नव्हता.

सर झोपले: १३.७ किमी.